‘कशावरून?’ : कोशनोंदीच्या पहिल्या वाचकाविषयी

साहित्याच्या वर्गात विद्यार्थ्यांना निबंधाऐवजी कोशासाठी नोंद लिहायला द्यावी, आणि ती शिक्षकाच्या हाती येण्याआधी वर्गातल्याच दुसऱ्या विद्यार्थ्याने तिच्यावर लेखी अभिप्राय द्यावा, या उपक्रमाचा मी पुरस्कर्ता आहे. निबंधात ‘मला काय वाटते’ याला मुभा असते. कोशनोंदीत ती नसते. शिवाय आपले लेखन गुण देणाऱ्याखेरीज आणखी कुणीतरी वाचणार आहे, ही जाणीव लिहिणाऱ्याला शिस्त लावते. मात्र या उपक्रमातला अभिप्रायाचा भाग बहुतेक वेळा वाया जातो, असे माझे मत आहे. तो का वाया जातो आणि तो वाया जाणे ही किरकोळ गोष्ट का नाही, एवढेच इथे मांडायचे आहे.

उदाहरणासाठी पुरातत्त्वावरची एक नोंद घेऊ. विषय : इनामगाव. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी असलेल्या या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचे उत्खनन डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केले. ह. धी. सांकळिया, म. के. ढवळीकर आणि अन्सारी ही त्यामागची प्रमुख नावे. सविस्तर अहवाल १९८८मध्ये प्रसिद्ध झाला. १३०हून अधिक घरांचे अवशेष उघडे करून एका प्रागैतिहासिक खेड्याचे जीवन इतक्या बारकाईने तपासण्याचे काम भारतात फार थोड्या ठिकाणी झाले आहे. विद्यार्थ्याने निवडावा असाच हा विषय. माहिती भरपूर आहे, जागा आपल्या परिसरातली आहे आणि मराठीतही त्यावर वाचायला मिळते.

एम. ए.च्या वर्गातल्या एका विद्यार्थिनीने या विषयावर केलेला खर्डा माझ्यासमोर आहे. त्यातली काही वाक्ये अशी : ‘काळाच्या उदरात गडप झालेले इनामगाव पुरातत्त्वज्ञांच्या कुदळीने जागे झाले.’ ‘येथे राजाचा पाच खोल्यांचा वाडा सापडला.’ ‘मृताचे भूत होऊन ते परत येऊ नये म्हणून त्याचे पाय तोडून त्याला पुरत.’ ‘इ. स. पू. १००० मध्ये भीषण दुष्काळ पडल्याने लोक गाव सोडून गेले.’ ‘हेच आपले पूर्वज, महाराष्ट्राचे पहिले शेतकरी.’ तिच्या वर्गमित्राने दिलेला अभिप्राय चार ओळींचा आहे. लेख माहितीपूर्ण आणि ओघवता आहे. पहिले वाक्य फार आवडले. दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ तपासावे. दायमाबादच्या प्रसिद्ध रथाचा उल्लेख केल्यास लेख अधिक रंजक होईल.

या अभिप्रायात दुष्टपणा नाही, आळसही नाही. त्याने लेख मनापासून वाचलेला दिसतो. तरीही लिहिणारीला त्यातून काही मिळाले नाही. जे वाक्य काढून टाकायला हवे होते त्याची स्तुती झाली, जी पाच विधाने तपासायला हवी होती ती नजरेतून सुटली आणि जी भर सुचवली गेली ती विषयाबाहेरची होती. हा दोष त्या मुलाचा म्हणता येत नाही. लेखन ‘आवडणे’ म्हणजे काय हे आपण त्याला शिकवले. लेखनावर विश्वास कशाच्या आधारे ठेवायचा हे शिकवले नाही.

आता ती विधाने एकेक घेऊ.

‘राजाचा वाडा सापडला’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. दोष त्याच्या क्रियापदात आहे. जमिनीत ‘राजा’ सापडत नाही. सापडले ते असे : वसाहतीच्या मध्यभागी पाच खोल्यांचे एक मोठे घर आणि त्याच्या लगत धान्याचे कोठार असावे अशी वास्तू. इतर घरांशी तुलना करून, घराचा आकार, त्याची जागा आणि कोठाराशी जवळीक या तीन गोष्टींवरून उत्खननकर्त्यांनी हे गावप्रमुखाचे घर असावे असे अनुमान केले. अनुमान विचारपूर्वक केलेले आहे, त्यावरून पुढे समाजरचनेविषयीही मांडणी झाली. पण घर सापडणे ही एक पायरी, प्रमुखाचे घर मानणे ही दुसरी आणि त्या प्रमुखाला ‘राजा’ म्हणणे ही तिसरी. पहिली पायरी मातीतली आहे, दुसरी अभ्यासकाची. तिसरी मात्र लिहिणारीची स्वतःची आहे, आणि ती तिच्याही लक्षात आलेली नाही. अभिप्राय देणाऱ्याने या वाक्यासमोर एकच शब्द लिहायला हवा होता : ‘कशावरून?’

मराठीला या बाबतीत एक देणगी आहे. सापडले, आढळले, दिसते, असावे, असू शकेल, असे अमुक अभ्यासक मानतात. खात्रीच्या इतक्या पायऱ्या आपल्या साध्या क्रियापदांत आहेत. ‘असावे’ या एका रूपात पुरावा आहे पण निर्णय नाही, ही अवस्था किती नेमकी व्यक्त होते. कवितेतल्या क्रियापदाच्या काळावर तासभर बोलणारे आपण, कोशनोंदीत ‘होते’ आणि ‘असावे’ यांतला फरक मात्र शैलीचा किरकोळ भाग मानतो. वास्तविक संपूर्ण नोंदीची प्रामाणिकता त्या फरकावर उभी असते. आणि ‘असावे’ला एक ढोंगी भाऊ आहे, त्याचीही नोंद घ्यावी : ‘मानले जाते’. कोण मानतो, केव्हापासून, कशाच्या आधारावर, यातले काहीही न सांगता अधिकारवाणीने बोलण्याची सोय या कर्मणी रचनेत आहे. खर्ड्यात ती जिथे जिथे येईल तिथे तिथे सहाध्यायाने समासात खूण करावी.

पाय तोडण्याच्या विधानात हीच गोष्ट अधिक गुंतागुंतीची होते. इनामगावात दोनशेहून अधिक दफने मिळाली. लहान मुलांना दोन कुंभांची तोंडे एकमेकांना लावून त्यांत ठेवत आणि घराच्या जमिनीखाली पुरत. प्रौढांना बहुधा आडवे पुरत, आणि अशा सांगाड्यांना घोट्यांखालचा भाग नसतो. एवढे निरीक्षण झाले. भुताच्या भीतीने पाय तोडत हे त्या निरीक्षणाचे स्पष्टीकरण आहे. ते सुचवले गेले आहे, पटण्याजोगेही आहे, पण त्या माणसांनी मनातले काही लिहून ठेवलेले नाही. खर्ड्यात मात्र ‘म्हणून’ या एका अव्ययाने निरीक्षण आणि स्पष्टीकरण शिवून टाकले आहे. शिवण उसवायला सांगणे हे सहाध्यायाचे काम.

याहून महत्त्वाचे म्हणजे खर्ड्यातून एक अपवाद वगळला गेला आहे. त्याच पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात बसवलेल्या स्थितीत एका पुरुषाचा सांगाडा मिळाला, आणि त्याचे पाय शाबूत होते. हा अपवाद सांगितला की ‘मृताचे पाय तोडत’ हे सरसकट विधान टिकत नाही. उलट हा माणूस वेगळा का पुरला, हा खरा प्रश्न पुढे येतो. एन. सी. ई. आर. टी.च्या सहावीच्या जुन्या इतिहासाच्या पुस्तकातही हे दफन होते. ते देहावशेष प्रमुखाचे असतील का, हे तिथे मुलांनाच कारणांसह विचारले होते. अकरा वर्षांच्या मुलांसमोर जो प्रश्न म्हणून ठेवता आला, तो एम. ए.च्या खर्ड्यात उत्तर होऊन बसावा किंवा गायब व्हावा, हे बरे नाही. ‘तुझ्या वाचनात याला न जुळणारे काही आले होते का?’ हा प्रश्न ज्याला विषयातले काहीच माहीत नाही असा वाचकही विचारू शकतो. लिहिणाऱ्याला उत्तर बहुधा ठाऊक असते. वाक्य सुबक व्हावे म्हणून त्याने ते बाजूला ठेवलेले असते.

इथे नेहमीचा आक्षेप येतो. साहित्याच्या विद्यार्थ्याने पुरातत्त्वाच्या नोंदीवर बोलावे तरी काय? तो तज्ज्ञ नाही. माझे उत्तर असे की दुष्काळाचे वाक्य पाहा. खर्ड्याच्या तिसऱ्या परिच्छेदात इ. स. पू. १०००मध्ये लोक गाव सोडून जातात. पाचव्या परिच्छेदात तेच लोक इ. स. पू. ७००पर्यंत गोल झोपड्यांतून राहताना दिसतात! या विसंगतीसाठी उत्खननाचे ज्ञान लागत नाही, लक्ष देऊन वाचावे लागते. आणि ते तर आपले शास्त्र. हा प्रश्न विचारला गेला असता तर लिहिणारी पुन्हा पुस्तकाकडे वळली असती. इनामगावचे तीन कालखंड मानले जातात (हे मानणारे उत्खननकर्तेच) : माळवा सुमारे इ. स. पू. १६०० ते १४००, पूर्व जोर्वे सुमारे १४०० ते १००० आणि उत्तर जोर्वे सुमारे १००० ते ७००, हे तिला दिसले असते. सुमारे १००० नंतर गाव ओस पडले नाही, त्याचे रूप पालटले. प्रशस्त चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, शेतीला उतरती कळा लागल्याच्या खुणा दिसतात. हवामान कोरडे होत गेल्याने हे घडले, हे ढवळीकरांनी आग्रहाने मांडलेले स्पष्टीकरण आहे. ते त्यांच्या नावाने सांगावे. आणि कालखंडांच्या आधी येणारा ‘सुमारे’ हा शब्द शोभेचा नाही. कार्बन-१४ पद्धतीने मिळणारी तारीख ही नेहमी आगेमागे होणारी मर्यादा असते, पंचांगातला दिवस नव्हे. खर्ड्यातून ‘सुमारे’ गळला की तीन हजार वर्षांपूर्वीचा एक दीर्घ, संथ बदल एका वर्षातला प्रसंग होऊन बसतो.

तज्ज्ञ नसलेल्या वाचकाचे अज्ञान हीच त्याची पात्रता आहे, असे मी म्हणेन. कोशाचा खरा वाचक असाच असतो. मात्र या पात्रतेला एक मर्यादा आहे. अभिप्राय देणाऱ्याने प्रश्न विचारावेत. स्वतःच्या ऐकीव माहितीची भर घालू नये. दायमाबादच्या रथाची सूचना याचा नमुना आहे. दायमाबाद हे अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी असलेले वेगळे स्थळ. रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा या तेथील चार कांस्यशिल्पांचे एकूण वजन ६० किलोंहून अधिक आहे. पण ती १९७४मध्ये गावकऱ्याला खणताना मिळाली, पद्धतशीर उत्खननात नव्हे. त्यामुळे ती कोणत्या थरातली, हा प्रश्न कायमचा अडचणीत आला. काही अभ्यासकांनी ती उत्तर हडप्पा काळातली मानली, काहींनी धातूच्या घटकांवरून त्या कालनिश्चितीबद्दल शंका घेतली. ‘रंजक होईल’ म्हणून हा रथ इनामगावच्या नोंदीत ओढून आणला असता तर वाचकाला दोन स्थळे एक वाटली असती आणि एका वादग्रस्त वस्तूला वादाशिवाय जागा मिळाली असती. पुरातत्त्वात वस्तूपेक्षा तिची जागा मोलाची असते, हे या रथाइतके स्पष्ट करणारे दुसरे उदाहरण महाराष्ट्रात शोधून सापडणार नाही. नोंदीतल्या वाक्याचेही तसेच असते. ते कुठून आले हे कळले नाही, तर त्याचे वजन कितीही असो, त्याचा उपयोग थोडाच.

‘काळाच्या उदरात’ या पहिल्या वाक्याविषयी मी मुद्दाम उशिरा लिहितो आहे, कारण त्यात आपण शिक्षक अधिक गुंतलेले आहोत. असली वाक्ये विद्यार्थी आपल्याकडूनच शिकतात. समारंभाची भाषणे, पाठ्यपुस्तकांतल्या प्रस्तावना, वर्धापनदिनाचे लेख या सगळ्यांत काळाला उदर असते आणि इतिहास मूक साक्षीदार असतो. या वाक्यातून इनामगाव कुठे आहे, किती जुने आहे, कुणी खणले, यांतले काहीच कळत नाही. तेच वाक्य कुठल्याही स्थळाला लावता येते. शिवाय ते चुकीचेही आहे. इनामगाव ‘गडप’ झाले नव्हते. प्राचीन वस्तीची राखाडी-पांढुरकी माती आपल्या शेतकऱ्याला पिढ्यान् पिढ्या ओळखीची आहे, तिला ‘पांढर’ असा शब्दही त्याने दिला आहे. नदीकाठच्या पांढरीच्या टेकाडांवर खापरे विखुरलेली असतात, आणि पुरातत्त्वज्ञ तीच हुंगत पोचतो. ‘पांढरीचे टेकाड’ हे दोन शब्द त्या पहिल्या वाक्यात आले असते तर अलंकाराशिवाय ते सुंदर झाले असते. मी शैलीच्या विरोधात बोलत नाही. नेमका शब्द शोधणे हीच कोशाची शैली, आणि ती साहित्याच्या विद्यार्थ्याला अवघड वाटू नये.

आता ‘आपले पूर्वज’. या दोन शब्दांवर सहाध्यायाने सर्वांत जास्त अडायला हवे होते, आणि अडणे इथेच सर्वांत अवघड होते, कारण ते शब्द सगळ्यांनाच गोड लागतात. दख्खनमधले आरंभीचे शेतकरी हा अभ्यासाचा विषय आहे. ढवळीकरांचे एक पुस्तकच त्यावर आहे. पण इनामगाव या शेतकऱ्यांचे एक गाव आहे, सर्वांत पहिले नव्हे. दायमाबादचे सर्वांत खालचे थर इनामगावच्या माळवा काळाहूनही जुने आहेत. आणि ‘आपले’ म्हणजे कुणाचे? त्या लोकांची भाषा आपल्याला माहीत नाही. इनामगावच्या जोर्वे लोकांनी लेखन मागे ठेवलेले नाही. घराच्या जमिनीखाली मिळालेली शीर्षहीन स्त्रीमूर्ती आणि तिच्यासोबतचा मातीचा बैल पाहून आजच्या ग्रामदेवता आठवतात हे खरे, पण आठवण होणे आणि परंपरा सिद्ध होणे यांत तीन हजार वर्षांचे अंतर आहे. वारशाचा असा उल्लेख वर्गात निरुपद्रवी वाटतो. कोशात गेला की तो पुरावा म्हणून उद्धृत होतो, आणि पूर्वज कुणाचे यावरून आपल्याकडे काय काय होते ते वेगळे सांगायला नको.

हे सारे इतके मनावर का घ्यायचे, असे कुणी विचारील. वर्गातला खर्डा तर आहे! दोन कारणे आहेत.

एक कारण पुरातत्त्वाच्या स्वभावात आहे. रसायनशास्त्रातला प्रयोग पुन्हा करता येतो, हस्तलिखित पुन्हा वाचता येते. उत्खनन पुन्हा करता येत नाही. थर खणला की तो संपतो. मागे उरतात वस्तू, मोजमापे, आराखडे आणि अहवाल. वाचकाजवळ मूळ पुरावा तपासण्याचा मार्ग केवळ त्या लिखित साक्षीतून जातो. साक्ष सांगणाऱ्याने ‘मी पाहिले’ आणि ‘मला वाटले’ यांची सरमिसळ केली तर न्यायालय काय करते ते आपल्याला माहीत आहे.

दुसरे कारण मराठीचे आहे. इंग्रजी वाचणाऱ्याला एक नोंद शंकास्पद वाटली तर तो १९८८चा अहवाल काढतो, चार लेख पाहतो, दुसरा कोश उघडतो. मराठी वाचकाजवळ अनेक विषयांवर एकच नोंद असते, आणि ती चुकली तर तिला दुरुस्त करणारे शेजारी कुणी नसते. ती शाळेतल्या प्रकल्पात उतरते, स्पर्धा परीक्षेच्या मार्गदर्शकात जाते, गावाच्या फलकावर रंगते. आपली कोशपरंपरा हे ओझे जाणून होती. केतकरांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे खंड १९२०च्या दशकात निघाले. जोर्वे येथील उत्खनन १९५०-५१चे, म्हणजे त्या कोशाला या संस्कृतीचा पत्ताच असणे शक्य नव्हते. तरी तो कोश आजही आदराने उघडला जातो. त्यातली माहिती ताजी आहे म्हणून नव्हे. त्या काळी काय ठाऊक होते, हे त्यातून कळते म्हणून. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६मध्ये आला. त्यातील नोंदींखाली लेखकाचे नाव असते, पण त्या नोंदीवर संपादकीय विभागात ज्यांनी हात फिरवला, शंका काढल्या, विधाने सौम्य केली, त्यांची नावे नोंदीखाली येत नाहीत. सहाध्यायी म्हणून अभिप्राय देणारा विद्यार्थी याच निनावी परंपरेत पहिले पाऊल टाकत असतो. त्याला हे सांगायला हवे.

मग अभिप्राय कसा द्यावा? माझा आग्रह थोडक्यात असा. वाक्य उद्धृत केल्याशिवाय मत देऊ नये. ‘ओघवता’, ‘माहितीपूर्ण’ ही विशेषणे वर्ज्य करावीत. प्रत्येक विधानापाशी ही सापडलेली गोष्ट, ते कुणाचे अनुमान की लिहिणाऱ्याचे स्वतःचे मत, अशी खूण करावी. जिथे खूण करता येत नाही तिथे वाक्यच संदिग्ध आहे असे समजावे. दोष सांगताना प्रश्नाच्या रूपात सांगावा, कारण प्रश्नाला उत्तर देता येते, शेऱ्याला फक्त सोसता येते. स्तुती जरूर करावी, पण तीही नेमकी. या खर्ड्यात पूर्व जोर्वे काळातल्या बंधाऱ्याचा आणि पाटाचा परिच्छेद उत्तम होता. काय मिळाले, कुठे मिळाले आणि त्यावरून पाणीपुरवठ्याबद्दल काय अनुमान केले, हे तिथे क्रमाने आले होते. ‘बाकीचे परिच्छेद यासारखे कर’ एवढे म्हटले असते तरी निम्मे काम झाले असते. लिहिणाऱ्यालाही कारण देऊन सूचना नाकारण्याचा हक्क हवा. आणि शिक्षकाने गुण द्यायचे तर नोंदीइतकेच अभिप्रायालाही द्यावेत.

संकोच हा यातला मोठा अडसर आहे, हे मला मान्य आहे. मैत्रिणीच्या लेखनावर शंका घेणे आपल्याकडे तिच्यावर शंका घेण्यासारखे मानले जाते. म्हणून ‘छान झालंय गं’ म्हणून वही परत केली जाते. पण या सौजन्याची किंमत कोण मोजतो ते पाहावे. लिहिणारी मोजत नाही, तिला गुण मिळतात. अभिप्राय देणाराही मोजत नाही. ती मोजतो तो अनोळखी वाचक, ज्याने मराठीवर विश्वास ठेवून ती नोंद उघडली.

खर्ड्याच्या त्या वाक्याचे, सगळे प्रश्न विचारून झाल्यावर, काय होईल? बहुधा असे : ‘वसाहतीच्या मध्यभागी पाच खोल्यांचे एक घर आढळले, त्याच्या लगतच्या वास्तूला उत्खननकर्त्यांनी धान्याचे कोठार मानले असून, घराचा आकार व स्थान यांवरून ते गावप्रमुखाचे असावे असे त्यांचे अनुमान आहे.’ राजा गेला, वाडा गेला. पण या वाक्यातला प्रत्येक शब्द कुठून आला ते विचारले तर सांगता येते, आणि उद्या एखाद्या अभ्यासकाने ते अनुमान खोडून काढले तरी वाक्याचा पहिला अर्धा भाग जागचा हलणार नाही.